गपगारची बाटली

ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत घडलेली.

ज्यांना भुताची गोष्ट म्हटलं की मध्यरात्र, काळोख आणि कुत्र्याचं रडणं लागतं, त्यांची निराशा होणार आहे. कारण हे घडलं रविवारी, भर दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात, फिनेलच्या वासात.

अंधार असता तर बरं झालं असतं, असं आत्या म्हणते. निदान डोळ्यांवर ढकलता आलं असतं.

माझी आत्या हॉस्पिटलात औषधं तयार करायची. तीस वर्षं. घरी आम्ही तिची फार चेष्टा करायचो, कारण ती चहात साखर घालतानाही चमच्यावर सुरी फिरवून सपाट करायची. बाबा म्हणायचे, "ताई, एखादा दाणा जास्त पडला तर मी मरणार नाही."

"सवय आहे रे," आत्या म्हणायची. "सवय मोडली की माणूस मोडतं."

तिच्या हाताखालून शेकडो औषधं गेली. पण एकाच औषधाला ती घाबरायची.

लेबलवर त्याचं नाव होतं लेथोरिन. हॉस्पिटलात कोणी त्याला त्या नावाने ओळखत नसे. सगळे म्हणायचे, गपगार.

रंग नाही, वास नाही, अगदी पाण्यासारखं दिसणारं. ज्या पेशंटचं अंग आखडून लाकूड होतं, जबडा मिटतो, छाती आवळते, त्याला हे औषध देतात. एक माप औषध, नव्व्याण्णव मापं सलाइन. एवढं पातळ केलं की आवळलेलं अंग हळूहळू सैल पडतं आणि माणूस वाचतो.

पातळ न करता नुसतं दिलं, तरीही अंग सैल पडतं. पण मग श्वाससुद्धा थांबतो. आणि माणूस बेशुद्ध होत नाही. त्याला सगळं दिसतं, सगळं ऐकू येतं. फक्त बोट हलत नाही, पापणी मिटत नाही, ओरडता येत नाही. बघणाऱ्यांना वाटतं, चला, आराम पडला.

म्हणून गपगारसाठी वेगळी खोली होती. खिडकी नसलेली. तिला एकच दार आणि त्या दारात तळहाताएवढी काच. बाटलीच्या कपाटात एक खोबण होती. बाटली खोबणीतून उचलली की दार आपोआप बंद व्हायचं आणि लाल दिवा लागायचा. ती परत खोबणीत बसली की हिरवा दिवा. मगच दार उघडायचं. बाटली चुकूनसुद्धा खोलीबाहेर जाऊ नये म्हणून ही तजवीज होती.

आणि एक नियम होता. औषध करणारा आत. दुसरा माणूस बाहेर, स्टुलावर, काचेला डोळे लावून. आतला मोठ्याने सांगणार, "औषध एक." बाहेरचा नीट पाहून स्पीकरवर म्हणणार, "बघितलं." आतला म्हणणार, "सलाइन नव्व्याण्णव." बाहेरचा, "बघितलं."

ते "बघितलं" आल्याशिवाय औषध वर पाठवायचं नाही. मग पेशंट कोणी का असेना.

त्या रविवारी पेशंट होते माझे बाबा.

शुक्रवारी त्यांचा जबडा आवळायला लागला. शनिवारी मान. रविवारी दुपारी छाती. मी आणि आई तिसऱ्या मजल्यावर वॉर्डाच्या दाराशी उभ्या होतो. डॉक्टर सिस्टरला म्हणाले, "खाली सांगा, लेथोरिन लगेच हवंय. अर्ध्या तासात छाती पूर्ण बंद होईल."

नात्यातल्या माणसाचं औषध स्वतः करायचं नाही, असाही तिथे नियम होता. कारण हात थरथरतात. पण रविवार होता, आत्या एकटीच ड्यूटीवर होती, आणि लग्नानंतर तिचं आडनाव बदललेलं. हा आपला भाऊ आहे, हे ती कोणालाच बोलली नाही.

बाहेरच्या स्टुलावर तिचा मदतनीस होता. पंचेचाळीशीचा, दोन मुलांचा बाप, पण जाड भिंगांमुळे सगळे त्याला चष्माच म्हणायचे. कामाला चोख, बोलायला फटकळ.

आत्या गाऊन, मास्क, हातमोजे घालून आत गेली. बाटली उचलली. मागे खट् करून दार बसलं. लाल दिवा लागला.

तेवढ्यात बाहेरच्या काउंटरवर फोन वाजला.

स्पीकरवर चष्मा म्हणाला, "मॅडम, एक मिनिट हं. फोन घेऊन आलोच. मी येईपर्यंत हात लावू नका."

आत्याने एक मिनिट थांबायला हवं होतं.

ती थांबली नाही. वर आपला भाऊ गुदमरतोय, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तिने सलाइनच्या बाटलीचं पत्र्याचं सील ओढलं. त्याची कड अंगठ्याला लागून हातमोजा फाटला, हे तिला आजही पक्कं आठवतं. गपगारचं एक माप त्यात सोडलं. हलवलं. इंजेक्शन भरलं. ट्रेमध्ये ठेवलं. बाटली परत खोबणीत बसवली.

आणि तीस वर्षांच्या सवयीने, समोर कोणी नसताना, मोठ्याने म्हणाली,

"औषध एक. सलाइन नव्व्याण्णव."

स्पीकर गप्प होता...

मग त्यातून खरखर आली...

"नाही बघितलं."

आवाज बाईचा होता.

आत्याने काचेकडे पाहिलं. स्टूल रिकामं होतं. तिला वाटलं, वॉर्डातली कोणीतरी सिस्टर औषध न्यायला खाली आली असेल आणि बटण दाबून मस्करी करत असेल. तिला असा राग आला की काय सांगू!

"कोण आहे ग तिकडे? चेष्टेची वेळ आहे का ही?"



दिवा अजून लालच होता. बाटली तर जागेवर होती. तिने ती उचलली, परत बसवली. लाल. पुसून बसवली. लाल. दाबून धरली. लालच.

दाराची मूठ ओढली. दार जरासुद्धा हललं नाही.

घड्याळात दोन सत्तेचाळीस झाले होते.

आतल्या भिंतीवर फोन होता. तिने वॉर्डात लावला. सिस्टरने उचलला.

"मॅडम, कुठे आहे औषध? त्यांचे ओठ निळे पडायला लागलेत."

"दार अडकलंय! चष्म्याला सांग, दार—"

फोन बंद पडला. टूं टूं नाही, खरखर नाही. काहीच नाही...

आत्या सांगते, त्या क्षणी तिने स्वतःशी एक करार केला. चूक झाली असेल. घाईत झाली असेल. पुन्हा पहिल्यापासून करू. तिने दुसरी सलाइनची बाटली घेतली. सील काढलं. माप सोडलं. हलवलं. दुसरं इंजेक्शन भरलं, पहिल्याच्या शेजारी ठेवलं, गपगार खोबणीत बसवलं. या वेळी प्रत्येक गोष्ट डोळ्यांसमोर धरून केली.

"औषध एक. सलाइन नव्व्याण्णव."

बराच वेळ काही नाही...

"नाही बघितलं."

रागाचा आवाज नव्हता तो. रडका नव्हता, घोगरा नव्हता. बँकेत आपला नंबर यायची वाट बघणाऱ्या बाईचा असतो, तसा आवाज. घाई नसलेला.

 तो आवाज आत्याने पूर्वी ऐकला होता. एकदाच.

मग हवेचं मशीन बंद पडलं.

त्या खोलीत हवेचं मशीन चोवीस तास चालतं. त्याची घरघर इतकी सवयीची की कोणाला ऐकूच येत नाही. ती थांबली तेव्हा आत्याला कळलं की खोली केवढीशी आहे. चार पावलं लांब, तीन पावलं रुंद. तिला स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला. आणि घड्याळाचा काटा.

आणि स्पीकरमधून... दुसऱ्या कोणाचा श्वास ऐकू येत नव्हता. बटण दाबलेलं होतं, पलीकडे कोणीतरी उभं होतं, हे तिला अगदी जाणवत होतं. पण ते श्वास घेत नव्हतं.

ती दारावर हात आपटायला धावली. एकदा आपटला. दुसऱ्यांदा उचलला...

आणि तो वरच राहिला.

खाली येईना.

तिने मान वळवायचा प्रयत्न केला. वळेना. पाय उचलेना. ओरडायला गेली तर जीभ तोंडात मेलेली. डोळे उघडे, समोरच्या काचेवर खिळलेले. पापणी मिटावी म्हणून तिने सगळा जीव गोळा केला. नाही मिटली. डोळे कोरडे पडून आग व्हायला लागली आणि तिला ते पुसता येईनात.

काच हळूहळू पांढरी होत गेली. आतून कोणीतरी तोंड लावून वाफ सोडावी तशी. आता बाहेरचं काही दिसत नव्हतं.

आत्याला तेव्हा काय वाटलं ते मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "मरणाची भीती नव्हती ग. आपण असे उभे आहोत आणि वर तो जातोय, आणि मला सगळं कळतंय. त्याची भीती होती."

मग स्पीकरमधून एका पुरुषाचा आवाज आला. थकलेला, पण आनंदी.

"बघा सिस्टर. किती शांत झाली ना?"

आता मागचं सांगायला हवं.

चौदा वर्षांपूर्वी याच हॉस्पिटलात कपडे शिवणारी एक बाई भरती झाली होती. तिलाही हाच आजार. औषध घ्यायचं ठरलं तेव्हा ती आखडलेल्या जबड्यातून कशीबशी एवढंच बोलली, "दुखणार नाही ना?" आत्या तेव्हा कागदावर सही घ्यायला वॉर्डात गेली होती. ती म्हणाली, "अजिबात नाही."

त्या दिवशी औषध आत्याचे मोठे सर करत होते. आत्या बाहेर स्टुलावर होती. सकाळपासून पोटात काही नव्हतं, म्हणून तिने मांडीवर डबा उघडला होता. आतून सर म्हणाले, "औषध एक." आत्याने भाजीचा रस्सा गाऊनवर सांडू नये म्हणून डबा सावरला आणि मान वर न करता म्हणाली, "बघितलं." सर म्हणाले, "सलाइन नव्व्याण्णव." ती घास गिळत म्हणाली, "बघितलं."

तिने दोन्ही वेळा पाहिलं नव्हतं.

सरांनी इंजेक्शन सलाइनच्या बाटलीतून भरायच्या ऐवजी गपगारच्याच बाटलीतून भरलं होतं. दोन्ही बाटल्यांत पाणी दिसतं. संध्याकाळी आवरताना सलाइनची बाटली सापडली. सील न उघडलेली.

तोवर ती बाई गेली होती. इंजेक्शननंतर अकरा मिनिटांनी. नवरा पायाशी बसून पाय चेपत होता आणि सिस्टरला सांगत होता, किती शांत झाली.

सर आत्याला म्हणाले, "ती तशीही जाणारच होती. तू बोललीस तर आपण दोघंही संपलो. गप्प बस." आजाराने मृत्यू, असं कागदावर लिहिलं गेलं. सर पुढे निवृत्त झाले, वारले. आत्या गप्प राहिली. सपाट चमच्याने साखर घालत राहिली.

आम्ही त्यावर हसायचो.

खोलीत परत येऊ.

आत्या दाराशी तशीच, हात वर धरून. घड्याळ तिच्या नजरेच्या कडेला होतं. दोन पन्नास. दोन बावन्न. दोन पंचावन्न. प्रत्येक मिनिट तिने पाहिलं. तिने मनातल्या मनात माफी मागितली. देवाची मागितली, त्या बाईची मागितली, काय वाटेल ते कबूल केलं.

काही झालं नाही. मनातलं बोलणं तिथे चालत नव्हतं.

दोन सत्तावन्नला तिची जीभ सैल पडली. फक्त जीभ. बाकी अंग तसंच लाकूड.

स्पीकर म्हणाला,

"बघितलं?"

आणि आत्या मोठ्याने बोलली. चौदा वर्षांत पहिल्यांदा.

"नाही. मी बघितलं नव्हतं. मी जेवत होते. तुम्हाला नुसतं औषध दिलं गेलं आणि मला संध्याकाळी कळलं, तरी मी गप्प बसले. तुम्हाला सगळं ऐकू येत होतं, हेही मला माहीत होतं."

खट्.

हिरवा दिवा लागला. हवेचं मशीन घरघरलं. आत्याचा हात खाली पडला आणि ती दाराबाहेर कोसळली, ती थेट चष्म्याच्या अंगावर.

घड्याळात दोन अठ्ठावन्न.

चष्मा घामाघूम झाला होता. तो दोन मिनिटांत परत आला होता. तेव्हापासून दारावर लाथा घालत होता, स्पीकरवर ओरडत होता. आत्याला त्यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं की दिसलं नव्हतं.

"मॅडम, काय केलंत काय आत? वरून चार वेळा माणूस येऊन गेला! द्या ते इंजेक्शन!"

आत्याने उठून आतला ट्रे त्याच्या हातात दिला. तो दोन पावलं धावला आणि थांबला. फटकळ असला तरी कामाला चोख, म्हटलं ना. त्याने मागे वळून टेबलाकडे पाहिलं.

"मॅडम..."

"अरे जा ना!"

"मॅडम, सलाइनच्या दोन्ही बाटल्या सीलबंद आहेत."

आत्याने पाहिलं. दोन बाटल्या, दोन्हींवर पत्र्याचं सील जसंच्या तसं. तिच्या अंगठ्यावरचा हातमोजा मात्र फाटलेला होता.

आणि गपगारची बाटली पूर्ण दोन इंजेक्शनांएवढी रिकामी झाली होती.

चष्म्याने ट्रे बाजूला ठेवला. "आता मी बघतो. तुम्ही करा," एवढंच म्हणाला. दोन मिनिटांत तिसरं इंजेक्शन झालं. त्याने दोनदा काचेला नाक लावून पाहिलं आणि दोनदा "बघितलं" म्हणाला. आत्या ते घेऊन जिन्यावरून धावत तिसऱ्या मजल्यावर आली. तो चेहरा मी विसरणार नाही. सिस्टरचे हात गुंतलेले होते, डॉक्टर बाबांच्या तोंडावर हवेची पिशवी दाबत होते. म्हणून आत्यानेच इंजेक्शन दिलं.

बाबा वाचले.

चौथ्या मिनिटाला छाती हलली. दहाव्या दिवशी ते घरी आले.

आत्याने दुसऱ्याच दिवशी ऑफिसात जाऊन सगळं लिहून दिलं. चौदा वर्षांपूर्वीचं, आणि त्या रविवारचंसुद्धा. तिची नोकरी गेली. त्या बाईच्या नवऱ्याला शोधायला मी तिच्याबरोबर गेले होते. तो सहा वर्षांपूर्वीच वारला होता. घराला कुलूप होतं. आत्या त्या कुलपासमोर बराच वेळ उभी राहिली.

स्पीकर तपासायला मेकॅनिक आला. तो म्हणाला, यात बिघाड काहीच नाही. दाराच्या कुलपातही नाही. त्या बाईने आत्याला कोंडलं आणि म्हणून माझे बाबा वाचले, की तिच्यामुळेच सलाइनच्या दोन्ही बाटल्या उघडल्या गेल्या नाहीत, हे मला सांगता येत नाही. दोन्ही बाजूंनी विचार केला की डोकं भणभणतं.

मी इथेच थांबणार होते. सगळ्यांना मी गोष्ट इथपर्यंतच सांगते.

पण बाबा घरी आल्यापासून आत्याशी एक शब्द बोललेले नाहीत. ती आली की ते उठून आतल्या खोलीत जातात. तिने पुढे केलेला पाण्याचा ग्लास ते घेत नाहीत. आत्याला वाटायचं, जुनी चूक कळली म्हणून त्यांना तिची किळस आली. भाऊ आहे, येईल हळूहळू ताळ्यावर, असं ती मला म्हणायची.

महिन्याभरापूर्वी मी बाबांना विचारलं. सरळच विचारलं, एवढं काय झालं?

बाबांनी हातातला पेपर मिटला. मग म्हणाले, "मी पडलो होतो ना तिथे, अंग आखडून, तेव्हा ताई माझ्या कानाशी वाकून बोलली. नाही, मी बघितलं नव्हतं, म्हणाली. तुम्हाला नुसतं औषध दिलं गेलं, म्हणाली."

"बाबा, आत्या तेव्हा खाली होती. कोंडलेली."

"आवाज तिचा होता. मला 'तुम्ही' म्हणत होती."

मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले.

"आणि मग," बाबा म्हणाले, "ती धावत आली. हातात इंजेक्शन. मला वाटलं, तेच नुसतं औषध. मला ओरडायचं होतं, ताई नको, मला मारू नकोस. तोंड उघडत नव्हतं. ती माझ्या डोळ्यांत बघून हसली. म्हणाली, आता बरं वाटेल हं तुला. सुई आत जाईपर्यंत मी तिच्याकडे बघत होतो."

त्यांनी दंड चोळला, सुई टोचली होती तिथे.

"ती चार मिनिटं अजून संपलेली नाहीत बाळ. तिला बघितलं की मी परत तिथे असतो."

त्या दिवशी संध्याकाळी आत्याचा फोन आला. "विचारलंस का ग त्याला? काय म्हणाला?"

मी म्हटलं, "त्यांना त्या दुपारचं काहीच आठवत नाही. आजारपणामुळे तसे वागतात, तुझ्यावर राग नाही."

आत्या किती हलकी झाली! फोनवरसुद्धा कळलं मला. तेव्हापासून ती दर रविवारी येते, भावासमोर बसते, जुन्या गोष्टी काढते, आणि तो उठून आत गेला की माझ्याकडे बघून कसनुसं हसते. आणि मी गप्प बसते.

पण आता मला आमच्या बाथरूमचं दारसुद्धा आतून लावायची भीती वाटते.

आत्या, तू भुताच्या गोष्टींचं हे पान रोज वाचतेस, मला ठाऊक आहे. समोर बसून सांगायची माझी हिंमत झाली नाही, म्हणून इथे लिहिते.

मी तुला खोटं सांगितलं. त्यांना सगळं आठवतंय.